सोगावकरबाईंचा रकाना

सोगावकरबाई शनिवारी खडूला हात लावत नसत. बाकी सगळं करत. सकाळच्या शाळेला घंटेच्या आधी हजर. हजेरीची नावं त्या पुकारत, खुणा मात्र मॉनिटर पोट्टी करायची. फळ्यावर काही लिहायचं असलं तर एखादी मुलगी उठायची. आणि बाई खुर्ची पुढे ओढून, पदर खोचून, पुस्तक मिटून इतिहास नुसता सांगायच्या. त्यामुळे शनिवारचा त्यांचा तास म्हणजे पोरींना सिनेमाच वाटायचा. शुक्रवारी तापानं घरी राहिलेल्याही शनिवारी बऱ्या होऊन यायच्या.

मी त्या शाळेत मराठी शिकवायला लागलो तेव्हा नागपूर महाराष्ट्रात येऊन चार-पाच वर्षं झाली होती. राजधानी गेली म्हणून लोक अजून सुतकात असल्यासारखे बोलायचे. गांधीबागेच्या कापडबाजारामागे आमची शाळा. खिडकीतून ठेलेवाल्यांचा आरडाओरडा आत यायचा आणि आम्ही त्याच्यावर आवाज चढवून शिकवायचो. बाई माझ्या दोन वर्षं आधीच्या. नवरा रेल्वेत, घर अजनीच्या क्वार्टरमध्ये. एरवी सायकलरिक्षानं यायच्या, शनिवारी पायी. नागपूरच्या एप्रिलातसुद्धा पायी, तेही परत जाताना बारा वाजताच्या उन्हात. मी एकदा न राहवून विचारलं, "बाई, एवढ्या उन्हाचं काहून पायी जाता?"

"देव सहा दिवस राबला आणि सातव्या दिवशी बसला," बाई म्हणाल्या. "मला बसता येत नाही, नोकरी आहे. मग त्याच्यासाठी निदान एवढं तरी." मग चष्मा काढून पदराला पुसला आणि म्हणाल्या, "पण दमायला होतं हो."

‘दमायला होतं हो’ हे त्यांचं पालुपद. वह्यांचा गठ्ठा आला की म्हणायच्या, पाहुणे आले की म्हणायच्या, कोणी मेलं तरी तेच. आम्ही स्टाफरूममध्ये त्याची नक्कल करायचो. आता माझेच गुडघे बोलायला लागलेत, तेव्हा कळतं की त्या गंमत करत नव्हत्या.

किडकिडीत बाई. सुती सहावारी, जाड काचांचा चष्मा, गळ्यात मंगळसूत्र आणि कपाळ मोकळं. हे कपाळ आमच्या शाळेला काही केल्या उलगडायचं नाही. मंगळसूत्र आहे तर कुंकू नाही, कुंकू नाही तर बांगड्या कशा? शिपाईण गयाबाई तर एकदा माझ्याजवळ येऊन हळूच बोलली, "सर, बाईचे साहेब हायेत का गेले? मले तं समजूनच नाही राहिलं." साहेब चांगले धडधाकट होते. रोज संध्याकाळी अजनीच्या मैदानावर बॅडमिंटन खेळत होते.

बाईंच्या बाबतीत पहिल्या दिवशी जो प्रकार घडला तो त्या स्वतःच रंगवून सांगायच्या. आमचे हेडक्लार्क बोंद्रेबाबू. सेवापुस्तक भरताना त्यांनी जात विचारली. बाई म्हणाल्या, "आम्ही बेने इस्राएल."

"ते काय असते जी?"

बाईंनी समजावलं. आम्ही अलिबागकडचे, सोगावचे. फार जुन्या काळी जहाज फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागलो असं सांगतात. तिथं तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद ठेवायचा म्हणून गाववाले आम्हाला शनवार तेली म्हणतात.

बाबूंच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. "मंग असं सांगा नं बाई! कायले एवढं फिरवून राहिल्या?" आणि त्यांनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात रकान्यात लिहून टाकलं, ‘तेली’. ‘शनवार’ लिहायला जागा पुरली नाही म्हणे.

तेली समाज आमच्याकडे मोठा, माणसाला धरून असणारा. महिन्याभरात लकडगंजातले तुळशीरामजी, त्यांची स्वतःची तेलघाणी होती, फेटा बांधून शाळेत हजर. समाजातल्या शिकलेल्या बायांचा सत्कार ठेवला होता आणि आपली एक लेक हायस्कुलात मास्तरीण झाली हे त्यांना कळलं होतं. बाई म्हणाल्या, "काका, मी ती तेली नाही हो."

"ती नाही म्हणजे? एकबैली का दोनबैली?"

आमच्याकडे घाण्याला एक बैल जुंपणारे वेगळे आणि दोन जुंपणारे वेगळे. बाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "शनिवारी एकही बैल नाही, असे आम्ही."

तुळशीरामजी आधी गोंधळले. मग सगळं ऐकून घेतल्यावर मांडीवर थाप मारून असे हसले की मुख्याध्यापक बाहेर आले. बाई त्या सत्काराला गेल्या. स्टेजवर उभं राहून आपण कोण ते सांगितलं आणि मग जवसाच्या आणि खोबऱ्याच्या तेलावर अर्धा तास बोलल्या. तुळशीरामजींनी शाल दिलीच. "घाणा तं चालवला नं बापजाद्यांनी? मंग झालं," असं म्हणाले. पुढे दर दिवाळीला बाईंच्या घरी त्यांच्याकडून तिळाच्या तेलाचा डबा यायचा आणि बाईंकडून त्यांच्याकडे नारळाच्या दुधाचा हलवा जायचा.

हे झालं, पण सेवापुस्तकातला ‘तेली’ तसाच राहिला. बाबू निवृत्त झाले, दुसरे आले, नोंद तिथंच. मी एकदोनदा सुचवलं की अर्ज करून टाका. बाई म्हणायच्या, "कुठं कुठं सांगत बसू? प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून सुरू करायचं. जहाज फुटलं इथपासून! दमायला होतं हो."

आता गंमत बघा. स्वतःच्या रकान्याचा एवढा कंटाळा असलेली ही बाई दुसऱ्याच्या रकान्यासाठी भांडायला उभी राहायची. जूनमध्ये नवे प्रवेश सुरू झाले की बोंद्रेबाबूंच्या टेबलाशेजारी आपली खुर्ची मांडून बसायची. कोणी सांगितलं नव्हतं. एका वर्षी मिलमधला एक कामगार पोरीला घेऊन आला होता. त्याचं सगळं घर छप्पन्न साली दीक्षा घेतलेलं. बाबूंनी धर्म विचारला, तो म्हणाला, "बौद्ध." बाबू लिहायला लागले ‘हिंदू’ आणि पुढे जुनी जात. तो माणूस वाकून बघत होता. त्याला वाचता येत होतं.

"बौद्ध लिहा जी, बाबूसाहेब."

"अरे बाबा, सवलतीच्या कागदाले झंझट होते. जुनंच राहू दे. काय फरक पडते?"

तो बिचारा मागे सरकला. समोर साहेब म्हटल्यावर काय बोलणार? पोरगी बापाच्या तोंडाकडे बघत होती. बाईंनी विचारलं, "बाबू, पोरीचा बाप काय सांगून राहिला?"

"बौद्ध म्हणते."

"मग पेनातली शाई संपली का?"

बाबूंचे कान लाल झाले. पण खोडून लिहिलं. बाईंनी ते नीट वाचून घेतलं आणि मग त्या माणसाला वाचायला दिलं. पुढची वीसेक वर्षं, दर जूनमध्ये, ती खुर्ची तिथं असायची. ‘बाप सांगेल ते लिहायचं’ हा बाईंचा कायदा, आणि बाप नसला तर आई सांगेल ते. सवलतीच्या कागदांसाठी त्या स्वतः मागे लागून खेटे घालायच्या. त्यांच्याशी वाद घालायला कोणाला हुरूप नव्हता.

आमच्याकडे विज्ञानाला मेश्रामसर होते. बाराव्या वर्षी वडिलांचा हात धरून दीक्षेच्या गर्दीत उभे राहिलेले. मोजकं बोलणारा माणूस. ते एकदा डबा खाताना म्हणाले, "बाई, आमचा रकाना भांडून दुरुस्त करता. तुमचा काहून नाही करत?"

बाई घास चावत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्हाला जे म्हणायचे ते शिवी म्हणून म्हणायचे, सर. मला इथं कोणी शिवी दिली नाही. दोन हजार वर्षांत कोकणात कोणी आम्हाला बोट लावलं नाही. मग कशाला उगाच? राहू दे तेली. चांगले लोक आहेत."

मेश्रामसरांनी डब्याचं झाकण लावलं. त्यांना ते पटलं नव्हतं हे मला दिसलं.

आता जे सांगायचं ते सांगतो. हे सांगायला मला इतकी वर्षं लागली, आणि अजूनही मध्येच उठून चहा करून यावासा वाटतो.

आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली होती. लोक पुन्हा वैतागले होते. पानठेल्यावर उभं राहिलं की हमखास कोणीतरी म्हणायचं, "या देशाले दंडुकेवालाच पायजे." त्या वर्षी आमच्या संस्थेच्या वक्तृत्व स्पर्धेला विषय ठेवला, ‘देशाला आज खंबीर हाताची गरज आहे’. आमच्याकडून नववीतली कुंदा उभी राहणार होती. खणखणीत आवाज, एकदा वाचलं की पाठ. अशा स्पर्धांत भाषण मास्तर लिहितात आणि पोट्टी म्हणतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं, फक्त बोलायचं नसतं. भाषण मी लिहिलं.

त्यात मी तो जर्मन हुकूमशहा आणला. नाव लिहीत नाही. बाई त्याचं नाव कधी घेत नसत, वर्गातही ‘तो मिशीवाला’ म्हणून पुढे जायच्या, आणि आता माझ्याही लेखणीतून ते उतरत नाही. मी लिहिलं, ‘देशाला आतून पोखरणारी ज्यूंची वाळवी त्यानं साफ केली, तेव्हा कुठे जर्मनी ताठ उभी राहिली.’ कुठल्यातरी पातळ पुस्तकात असलंच काही वाचलं होतं. ‘वाळवी’ हा शब्द मात्र माझा. तो सुचला तेव्हा मी खूश झालो होतो. कसा चपखल बसला म्हणून बायकोला वाचूनही दाखवला.

तुम्ही म्हणाल, जिच्या शेजारी बसून पंधरा वर्षं डबा खाल्ला, तिच्याबद्दल हे लिहवलं तरी कसं? मीही स्वतःला हेच विचारतो. ज्यू हा शब्द माझ्यासाठी पुस्तकातला होता. कुठंतरी लांब, कोट-टोपी घातलेली, पैशाला चिकट अशी माणसं. आणि सोगावकरबाई म्हणजे शनवार तेली, खडू न धरणाऱ्या, मलिद्याच्या, म्हणजे प्रसादाच्या गोड पोह्यांवर आम्ही झणझणीत तर्री मागितली तर कपाळाला हात लावणाऱ्या आमच्या बाई. बेने इस्राएल म्हणजे ज्यूच, दोन्ही एकच, हे मला माहीत होतं. माहीत होतं आणि डोक्यात आलं नाही. यापेक्षा बरं कारण माझ्याकडे नाही.

त्या दिवसांत आणखी एक गोष्ट चालली होती. मुख्याध्यापक जाणार होते आणि सेवाज्येष्ठतेनं पाळी बाईंची होती. संस्थेचे चिटणीस, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, स्टाफरूममध्ये येऊन सांगून गेले होते, "पुढल्या महिन्यापासून तुम्हीच बसा बाई त्या खुर्चीवर. मीटिंग म्हणजे नावाचीच." बाईंचे साहेब दोन वर्षांपूर्वी हार्टनं गेले होते. ती खुर्ची बाईंना हवी होती. त्या उघड म्हणाल्या होत्या मला, "पाठकसर, एवढं एक मिळालं की बरं वाटेल हो. प्रवेशाच्या टेबलाशी भीक मागत बसावं लागणार नाही. मुख्याध्यापिका म्हटलं की बाबू गुपचूप लिहील."

स्पर्धेचा हॉल गच्च भरला होता. कुंदा अशी बोलली की काय सांगू! वाळवीच्या वाक्याला टाळ्या पडल्या. पाहुणे आले होते, त्यांनी ढाल देताना त्याच वाक्याचं कौतुक केलं. मी खुर्चीत फुगलो होतो. आणि तिसऱ्या रांगेतून सोगावकरबाई उभ्या राहिल्या.

"मुलीचं पाठांतर उत्तम आहे," बाई म्हणाल्या. आवाज बारीक, पण हॉल शांत झाला. "ढाल तिचीच. ती काढून घेऊ नका. पण भाषणातली एक गोष्ट खोटी आहे, आणि ती खोटी आहे असं इथं कोणीतरी म्हटलं पाहिजे."

भाऊसाहेब स्टेजवरून म्हणाले, "बाई, कार्यक्रम संपल्यावर बोलू नं."

"संपल्यावर मुली घरी गेलेल्या असतील."

मग त्यांनी सांगितलं. त्या लहान असताना भायखळ्याला त्यांच्या चाळीत एक जर्मन बाई येऊन राहिली होती. एकटीच निसटून बोटीनं आलेली. शिवणकाम करायची. आईबाप आणि दोन बहिणी तिकडेच राहिल्या होत्या. पोस्टमन चाळीत शिरला की ती मशीनवरून उठून दारात उभी राहायची. लढाई संपेपर्यंत पाच-सहा वर्षं, रोज. पत्र आलं नाही. लढाई संपल्यावर कळलं की पत्र लिहायला कोणी उरलंच नव्हतं. लहान-थोर, म्हातारे, तान्ही मुलं, लाखांनी मारली होती.

"ती वाळवी नव्हती," बाई म्हणाल्या. "माझे परकर शिवायची. तिला मारायचं ठरलं ते ती ज्यू होती म्हणून. मी पण ज्यू आहे. तुम्हा मुलींना मी अठरा वर्षं शिकवते आहे. मी तुमचं काय पोखरलं ते सांगा."

मागे एक मुलगी घाबरून हसली. भाऊसाहेबांचा आवाज चढला, "बाई, खाली बसा." बाई बसल्या नाहीत. त्यांनी पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. तेवढ्यात पलीकडच्या रांगेतून मेश्रामसर उठले. चालत आले आणि बाईंच्या शेजारी उभे राहिले. अख्ख्या हॉलमध्ये ती दोन माणसं उभी होती. माझी खुर्ची त्यांच्यापासून चार हातांवर होती.

पाहुणे अवघडले. सांभाळून घ्यायचं म्हणून त्यांनी कुंदाला विचारलं, "बेटा, भाषण कोणी लिहून दिलं?"

कुंदानं माझ्याकडे बघितलं. मी खाली माझ्या चपलांकडे बघितलं. लाज वाटते सांगायला, पण त्या चपलांचा अंगठा तुटायला आला होता हे मला अजून आठवतं.

"मीच लिहिलं सर," कुंदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी बाईंना ऑफिसात बोलावलं. वेळापत्रकाच्या कामानं मीही तिथंच होतो. भाऊसाहेब रागावले नव्हते. समजुतीनं बोलत होते, तेच जास्त वाईट.

"बाई, तुमचं मन दुखलं, मान्य आहे मले. पण पाहुण्यासमोर शाळेची शोभा झाली. आणि तुमाले एवढं कायले लागावं? रेकॉर्डले तुम्ही तेली आहात. मी कमेटीले तेच सांगितलं, कोणाची काही हरकत नाही. आता हे ज्यू-बिऊ उकरून काढाल तर लोक विचारतील, ही कोण बाई, कुठली. एक ओळ लिहून द्या की गैरसमज झाला. महिन्याभरात त्या खुर्चीवर बसा."

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. मला वाटलं देतील लिहून. मला तसं व्हायला हवं होतं, कारण मग सगळं मिटलं असतं आणि माझंही झाकलं गेलं असतं.

"एक ओळ ना?" बाई म्हणाल्या. "द्या कागद."

तो कागद पुढे फायलीत मी पाहिला. ‘माझ्या सेवापुस्तकात जात तेली अशी नोंद आहे. ती चुकीची आहे. मी धर्मानं ज्यू आहे. कृपया दुरुस्ती व्हावी.’ खाली सही. दोन-तीन ओळी झाल्या होत्या.

बाहेर आल्यावर त्या मेश्रामसरांना म्हणाल्या, "तुम्ही म्हणत होतात तेच खरं, सर. शिवी नव्हती तोवर कंटाळा चालत होता."

खुर्ची त्यांना मिळाली नाही. त्यांच्याहून सहा वर्षांनी धाकट्या माणसाला मिळाली. कारण तोंडी सांगितलं ते असं की शाळेला शनिवारीही मुख्याध्यापक लागतो. तुळशीरामजी हे ऐकून तावातावानं शाळेत आले. आता खूप थकले होते, काठी टेकत आले होते. म्हणाले, "कागदावर काई बी लिहा जी, बाई आमच्या घरची आहे." भाऊसाहेबांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

कुंदाला बाईंनी दोनदा बोलावलं. तिच्या बापानं सांगितलं, आमच्या पोरीची ढाल त्या बाईच्या डोळ्यात खुपते, जायचं नाही. ती दहावी झाली आणि गेली. मी तिला कधी बोलावलं नाही. ती माझ्यासाठी खोटं बोलल्याचे उपकार डोक्यावर होते, आणि उपकार केलेल्या पोरीसमोर मास्तरानं उभं राहायचं कसं?

बाई पुढची पाच-सहा वर्षं तशाच शिकवत राहिल्या. जूनमध्ये खुर्ची मांडत राहिल्या. माझ्याशी बोलणं होतं, डबा होता, पण बाई कमी बोलायला लागल्या होत्या, सगळ्यांशीच. लोक त्यांना नव्यानंच विचारायला लागले होते, "बाई, आता तुम्ही तुमच्या देशात कधी जाणार?" पहिल्यांदा त्या म्हणायच्या, "माझा देश अलिबाग तालुक्यात आहे." नंतर तेही म्हणेनाशा झाल्या. नुसत्या बघायच्या.

निवृत्त झाल्यावर त्या ठाण्याला लेकीकडे निघाल्या. मुंबईच्या दुपारच्या गाडीवर मी पोचवायला गेलो. मेश्रामसर सामान चढवून, पाणी भरून आणायला नळावर गेले होते. बाई खिडकीशी बसल्या होत्या. पाचेक मिनिटं होती. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

"बाई," मी म्हणालो, "ते भाषण कुंदानं नव्हतं लिहिलं. ते वाक्य माझं होतं."

बाईंनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांचे डोळे फार बारीक आणि म्हातारे दिसत होते.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "नववीतल्या पोरीला तसं वाक्य येत नाही. मला त्याच दिवशी कळलं."

"मग तुम्ही बोलला नाहीत?"

"वाट बघत होते. नंतर वाट बघायचाही कंटाळा आला." त्यांचा आवाज रागाचा नव्हता. रागाचा असता तर बरं झालं असतं. "आणि मला कशाला सांगता, पाठकसर? ते खोटं आहे हे मला ठाऊकच आहे. मेश्रामसर गेल्या महिन्यात उमरेडला परीक्षक म्हणून गेले होते. कुंदा तिथं शिकवते आता. तिच्या वर्गातल्या एका मुलीनं तेच भाषण म्हटलं. वाळवीसकट. टाळ्याही पडल्या म्हणे."

मी खिडकीचा गज धरला.

"मेश्रामसर तिथं उठून बोलले. पण ते परके. तिचे मास्तर तुम्ही. तिला जाऊन सांगा," बाई म्हणाल्या. तेवढ्यात मेश्रामसर पाणी घेऊन आले, शिट्टी झाली, गाडी हलली. बाईंनी मेश्रामसरांना हात केला. मग माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि ऊन लागत होतं म्हणून खिडकी ओढून घेतली.

बाई ठाण्याला वारल्या तेही मला मेश्रामसरांकडून कळलं. उमरेड इथून एसटीनं दीड तास आहे. मी दोनदा स्टँडपर्यंत जाऊन परत आलो. एकदा तर तिकीटही काढलं होतं. कुंदा अजून तिथंच शिकवते. यंदाही तिच्या शाळेत स्पर्धा झाली असेल.